एका ओढीत सुटणारा टाका

माझ्या शिलाईला तीस वर्षांत कुणी नाव ठेवलेलं नाही. भिवंडीच्या नारपोलीत कुणालाही विचारा. मी शिवलेल्या ब्लाउजचं कापड विरतं, रंग उडतो, नेसणारीचं माप वाढत वाढत दुप्पट होतं, पण शिवण जागची हलत नाही. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवते. गिऱ्हाईक ऐकत नसलं तरी ऐकवते. पण एका भर दुपारी, रिक्षात बसून, मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, आजच्या दिवस माझी शिलाई उसवू दे. धागा कुजका निघू दे. माझं नाव गेलं तरी चालेल.

ती दुपार सांगायलाच मी लिहायला बसले आहे. पण आधी माझा धंदा थोडा समजावून द्यावा लागेल, कारण लेडीज टेलर म्हटलं की लोकांना फक्त ब्लाउज आठवतो.

ब्लाउजवर माझं घर चाललं, खोटं कशाला बोलू. पण मानकोलीच्या बाजूला गोदामं उभी राहिली आणि माझ्या दुकानात एक नवीन शब्द आला. पहिल्यांदा तो घेऊन आली ती एक कॉलेज संपवलेली मुलगी. मोबाइलवर कंपनीची मेल उघडून म्हणाली, "ताई, बिझनेस कॅज्युअल शिवता का?" आता शिवत नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. मी चष्मा खाली ओढला, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी सराईतासारखं विचारलं, "कॉलरचं की बिनकॉलरचं?" तिला वाटलं ताईंना सगळं ठाऊक आहे. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून तीच मेल माझ्या भाचीकडून वाचून घेतली.

तुम्हाला म्हणून सांगते, हे प्रकरण काय आहे. जे घालून ऑफिसला गेलं तर लोक विचारतील की आज कुणाचं लग्न आहे, ते बाद. जे घालून गेलं तर विचारतील की बरं नाही का, ते पण बाद. मधे जी अरुंद पट्टी उरते तिला बिझनेस कॅज्युअल म्हणतात. सरळ पँट, गुडघ्यापर्यंत साधी कुर्ती किंवा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, चमकतं काही नाही, वाजतं काही नाही. वाचायला सोपं आहे. पण हा कपडा शिवायला येणारी प्रत्येक बाई घाबरलेली असते, हे त्या मेलमध्ये लिहिलेलं नसतं. सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारी एक मुलगी आली, तिला पँटला खिसे हवे होते. पण बाहेरून दिसायला नकोत, कारण खिसे म्हणजे पुरुषी, असं तिच्या वडिलांचं मत. दुसरीला शर्ट हवा होता, पण गल्लीच्या तोंडापर्यंत तो कुर्ता दिसायला हवा. मी सगळं शिवून दिलं. कसं, ते विचारू नका, ती माझी विद्या आहे.

एक मात्र सांगते. ब्लाउजचं माप देताना बायका गप्पा मारतात. ऑफिसच्या कपड्यांचं माप देताना श्वास रोखून उभ्या राहतात. टेप छातीवरून फिरवताना मला तो थांबलेला श्वास हाताला लागतो. म्हणून मी प्रत्येक मापात अर्धा इंच वाढवते. वहीत तसं लिहीत नाही, पण मनात म्हणते, हा अर्धा इंच भीतीचा.

अश्विनी आली तेव्हा मी तो अर्धा नाही, पाऊण इंच वाढवला. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण हे वाचेल तेव्हा ती स्वतःला ओळखेल. शेलार गावची सून. लग्नाला वर्ष झालेलं, बीकॉम, बोलायला हळू. सासरची मानकोलीकडे रस्त्याला लागून जमीन होती, ती गोदामाला गेली आणि घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं. मुलगा टेम्पोच्या धंद्यात रमलेला, म्हणून नोकरी सुनेकडे आली. कागदावर लिहिलं होतं, ऑफिस असिस्टंट. तिच्याबरोबर तिची सासू होती, कुंदाकाकी. उंच, काळीसावळी, हातात हिरव्या बांगड्या, आणि दुकानात शिरताच माझ्या स्टुलावर अशी बसली की दुकान तिचं आणि मी कामाला.

"नोकरीला आमची ना न्हाय," काकी म्हणाली. "पँट घाल, काय घालायचं ते घाल. पण वढणी खांद्यावरशी हलली न्हाय पायजे. गेटावर आमच्याच गावची पोरं वॉचमन हायती. आज ती बघतील, उद्या गाव बोलंल."

अश्विनीने मला हळूच कंपनीचा कागद दाखवला. त्यात ओढणीबद्दल ना होय होतं ना नाही. फक्त "नीटनेटकं" असा शब्द होता. ओढणी सारखी घसरणार, ती सारखी सावरणार, तर नीटनेटकं कसं दिसणार? ती रडकुंडीला आली होती. बिचारीला कंपनीची भीती, सासूची भीती, आणि गावची भीती तर विचारूच नका.

आणि मला, देवा, त्या क्षणी एक कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की मी उभी राहते. मी उभी राहिले.

मी ओढणी वेगळी ठेवलीच नाही. तिला चुण्या घालून एक बाजू डाव्या खांद्याच्या शिवणीत घेतली, पुढून गळ्याशी आडवी नेली आणि दुसरी बाजू उजव्या खांद्याच्या शिवणीत. दोन्ही टोकं पाठीवर, गुडघ्यापर्यंत. वर तिहेरी टीप. बाई वाकली, धावली, गाडीवर बसली, तरी ओढणी जागच्या जागी. कुर्ती आणि ओढणी हा एकच कपडा. असे दोन ड्रेस शिवले, एक फिका निळा आणि एक मातकट. कंपनीलाही नीटनेटकं, गावालाही नीटनेटकं. मी स्वतःवर इतकी खूश होते की शेजारच्या इस्त्रीवाल्यालाही बोलावून दाखवलं.

न्यायला आल्या त्या दिवशी काकीने अश्विनीला निळा ड्रेस घालून उभं केलं, मागे गेली, ओढणीची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि खस्सकन ओढलं. अश्विनी दोन पावलं मागे फरफटली. तिचा हात गळ्याशी गेला.

मुलगी हलली, ओढणी हलली नाही.

काकीने मान डोलावली. मी हसले. अश्विनीही हसली, जरा खोकून. त्या वेळी आम्हा तिघींपैकी एकीलाही काही कळलं नाही. दुसऱ्या कुणाचं जाऊ दे, मला कळायला हवं होतं. ते का, ते सांगते.

माझी आई नारपोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. भरायचं मशीन पट्ट्यावर फिरतं. आमचं घर शेडच्या मागे, खटखट ऐकत आम्ही झोपायचो. भिवंडीत आवाजाची भीती कुणालाच नाही. आवाज थांबायची भीती आहे. लाइट गेली तर सगळ्या गल्लीचा आवाज जातो आणि पंखेही थांबतात, त्याचं काही नाही. पण पंखा फिरत असताना एकाच शेडची खटखट थांबली, की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. काही बोलायच्या नाहीत, शेडकडे बघत राहायच्या.

मी सात-आठ वर्षांची असताना एकदा अशी खटखट थांबली. तारामावशी आईच्या शेजारच्या मशीनवर बसायची. लग्नघरातून तशीच आली होती, पदराला खांद्यावर पिन. पदराचं टोक पट्ट्यात गेलं. पिन सुटली नाही. मावशी वाचली, पण तिचा आवाज गेला. पुढे आयुष्यभर ती कुजबुजल्यासारखी बोलायची. आम्ही मुलं तिला घाबरायचो, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आई कामावर जाताना रोज एकच गोष्ट करायची. पदर कमरेला खोचायची आणि मला म्हणायची, ओढ. मी ओढलं की तो सुटायचा. मग परत खोचून ती जायची. फिरत्या वस्तूजवळ कपडा एका ओढीत सुटला पाहिजे, हे मी सुई धरायच्या आधी शिकले.

मग विसरले कशी? कागदावर ऑफिस लिहिलं होतं म्हणून. आमच्या गल्लीतल्या बायकांनी आयुष्यभर ज्याची स्वप्नं पाहिली ते ऑफिस. खुर्ची, थंड हवा, काचेचं दार. माझ्या डोक्यात बिझनेस कॅज्युअल म्हणजे ज्या कपड्याला मशीनचं तेल लागत नाही तो कपडा. मी अश्विनीचं माप घेत नव्हते, आईची राहून गेलेली खुर्ची शिवत होते.

दोन महिने सगळं छान चाललं. मग सणाचा सेल लागला.

एका दुपारी मानकोलीच्या त्याच गोदामात पॅकिंगला असलेली एक बाई कुर्तीच्या बाह्या कमी करून घ्यायला आली. दोन दिवस सुट्टीवर होती, मुलाला ताप होता. म्हणाली, खोकी पुढे सरकवणाऱ्या बेल्टपाशी लांब बाह्यांची भीती वाटते. मी खडूने खूण करत सहज म्हटलं, ऑफिसवाल्यांची मजा आहे, थंड हवेत बसतात.

"कसली मजा ताई," ती म्हणाली. "सेलमध्ये सगळ्यांना खाली बेल्टवर उभं करतात. आम्हाला निदान कपडा आत दाबून धरणारं जाकीट असतं, त्यांना ते पण नाही. ती तुमची शेलारची, ओढणीवाली, माझ्या समोरच असते. बेल्टकडे पाठ करून खोकी उचलते."

खडू माझ्या हातातून पडला असं लिहिलं तर छान दिसेल, पण खडू हातातच होता. मी बाहीवर रेघ ओढत होते, ती ओढतच राहिले, टेबलाच्या कडेपर्यंत.

बेल्टकडे पाठ. पाठीवर दोन टोकं, गुडघ्यापर्यंत. गळ्यावरून आडवी ओढणी. दोन्ही खांद्यांना तिहेरी टीप.

अश्विनीला फोन लावला. वाजत राहिला. आत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. पुन्हा लावला. मग मी त्या बाईला दुकानात तशीच बसवून रस्त्यावर आले आणि पहिली दिसली ती रिक्षा पकडली.

नारपोलीहून मानकोली म्हणजे काही काशी नाही. पण अंजूरफाट्याला कंटेनरांची रांग लागलेली होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आमची रिक्षा. मी रिक्षावाल्याला म्हणत होते, भैया, जल्दी. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप बोलो तो उडा दूँ, लेकिन पंख नहीं है." एरवी मी त्याला दोन गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी मी नुसती त्याच्या हँडलकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर तिहेरी टीप होती. पहिली मी बारीक घातली होती. दुसरी पहिलीला लागून. तिसरी घालताना गाणं गुणगुणत होते, तेही आठवलं. धागा कुठला वापरला ते आठवलं, जीन्सचा, जाड. मुद्दाम. कुठेतरी हात चुकला असेल, बॉबिन संपत आली असेल, टीप उडाली असेल, असं एकेक आठवून पाहिलं. काहीच चुकलं नव्हतं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. तेव्हा मी ते हात जोडले.

गेटवर पोचले आणि वॉचमनने अडवलं. शेलारचाच मुलगा, मला ओळखत होता. "मावशी, कात्री घेऊन कुठं?"

माझ्या हातात कात्री होती. दुकानातून निघताना उचललेली, वीतभर लांब पात्याची. अख्ख्या अंजूरफाट्यात मी ती रोखून बसले होते, म्हणजे रिक्षावाला इतका शांत का होता ते आत्ता कळलं. मी कात्री त्याच्या टेबलावर ठेवली.

"टेप पण काढा," तो म्हणाला. माझ्या गळ्यात मापाची टेप होती. "गळ्यात लोंबतं काही चालत न्हाय आत. बेल्ट हाय. नियम हाय."

"मग अश्विनीची ओढणी कशी चालते?"

तो जरा गोंधळला. "ती ऑफिसची हाय ना मावशी."

मी त्याला म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता बाहेर बोलाव, घरचं अर्जंट आहे म्हण. त्याने आतला फोन उचलला. गेटपासून शेड पन्नास पावलांवर असेल. आतून बेल्टची घरघर येत होती, लूमसारखी नाही, जाड, एकसुरी. मी ती ऐकत उभी होते. जोवर ऐकू येते तोवर सगळं ठीक आहे, असं मनात म्हणत होते.

आणि घरघर थांबली.

वॉचमनच्या केबिनमधला पंखा फिरत होता.

मी सात वर्षांची झाले. खरंच सांगते, माझे पाय लहान झाले. मी दारात उभी आणि शेडकडे बघते आहे, आणि कुणी काही बोलत नाही. वॉचमनचं तोंड हलत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं. तारामावशीसारखी नुसती हवा निघाली.

मग शेडचं दार उघडलं आणि बायका बाहेर आल्या. हातात डबे. जेवणाची सुट्टी झाली होती.

वॉचमन तेच सांगत होता म्हणे, मावशी, जेवणाची सुट्टी.

शेवटून चौथी अश्विनी होती. चालत, आपल्या पायांनी. मातकट ड्रेस, वर कंपनीचं नारिंगी जाकीट, आणि ओढणी नाही. मला बघून ती धावत आली. गळ्यावर एका बाजूला बोटभर लांब लाल ओरखडा होता, सुकत आलेला. मी तिचे खांदे चाचपले, जसं ट्रायलच्या वेळी चाचपते तसे. शिवण शाबूत होती. ओढणी तेवढी गेलेली.

काल दुपारी झालं, ती म्हणाली. निळा ड्रेस होता. मागून झटका बसला, ती बेल्टवर आदळणार एवढ्यात खांदे मोकळे झाले आणि ओढणी एकटीच आत गेली. बेल्ट थांबवून बाहेर काढली तेव्हा तिच्या चिंध्या झाल्या होत्या. सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं आणि मग स्वतःचं जाकीट काढून दिलं. आज सकाळी तिने मातकट ड्रेसचीही ओढणी ओढून पाहिली, तीही सहज निघाली.

"तेव्हा कळलं ताई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही मुद्दाम कच्चा टाका घातलात ना? सासूबाईंना दिसू नये असा?"

आता माझी परीक्षा बघा. मुलगी जिवंत समोर उभी होती, मी रडत होते, आणि त्याच वेळी माझ्या आत एक शिंपीण कमरेवर हात ठेवून विचारत होती, माझी तिहेरी टीप निघालीच कशी? दोन्ही एकाच क्षणी. माणूस फार वाईट आहे.

आणि मी म्हणाले, "हो."

हे खोटं मला डाचत राहिलं. तिने पुढे सांगितलेली एक गोष्टही डाचत राहिली. काल ती ओढणीशिवाय घरी गेली, तर काकीने ओढणी कुठे म्हणून विचारलंसुद्धा नाही. ज्या बाईने माझ्या दुकानात ओढणीसाठी एवढं रामायण केलं, तिने?

संध्याकाळी मी शेलारला गेले. कुंदाकाकी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी आडून आडून सुरुवात केली, हवापाणी, भाताचं कसं काय. काकीने मान वर न करता सांगितलं, "मीच उसवली."

सेलच्या पहिल्या दिवशी धुण्यात तिला ओढणीच्या टोकावर काळा, तेलकट पट्टा दिसला. अश्विनीने सांगितलं, काही नाही, बसताना खुर्चीला लागला असेल. लग्नाआधी काकी माहेरच्या भातगिरणीत, फिरत्या पट्ट्याशेजारी, सूप धरायची, हे मला त्या दिवशी कळलं. पट्ट्याचं काळं तिने एका नजरेत ओळखलं. सुनेची पाठ वळताच ती दोन्ही ड्रेस घेऊन बसली आणि माझी तिहेरी टीप ब्लेडने उसवली. मग आत चुण्यांमध्ये, दिसणार नाहीत असे, प्रत्येक खांद्याला तीन कच्चे टाके घातले.

"किती वेळ लागला?" मी विचारलं. हे विचारायची काय गरज होती? पण विचारलं.

"मेला कसला धागा वापरलास बाय," काकी म्हणाली. "बोटं सोलपटली."

मला बरं वाटलं. काय करू?

तिला सरळ सांगायचं ना, ओढणी काढून ठेव म्हणून, मी म्हटलं. काकी सुकट निवडायची थांबली. "आपल्या तोंडानं घाल म्हनली, मंग आपल्याच तोंडानं काढ कशी म्हनू? न्हाय जमलं. तीन टाके घातले नि रोज गेटाकडं डोळं लावून बसले." मग सुकट परत पुढ्यात ओढून म्हणाली, "आन तुला सांगितलं असतं तर तू परत पक्की करून दिली असतीस."

खरं होतं. मी करून दिली असती.

निघताना मी कबूल केलं की तिच्या टाक्यांचं श्रेय मी दुपारीच खिशात घातलं आहे, आणि अश्विनीला खरं काय ते सांगते. काकीने हात हलवला. "ऱ्हाऊ दे तुझ्या नावावर. सासूनं वढणी उसवली कळलं तर उद्या सगळंच उसवाया सांगंल." दीड वर्ष मी गप्प राहिले. आता छापूनच येतंय. काकी, माफ कर, माझ्याच्याने गुपित एवढंच टिकतं.

आता कुणीही बिझनेस कॅज्युअल शिवायला आली की मी टेप काढण्याआधी एक प्रश्न विचारते: तू उभी राहतेस तिथे जवळपास काय फिरतं? मुली हसतात. एक म्हणाली, मॅनेजर. मी म्हटलं, त्याच्यासाठी टाचणी देते, पण बेल्ट आहे का ते सांग. ऑफिस या शब्दावर मी आता काही शिवत नाही.

अश्विनीला मी उभ्या कॉलरची कुर्ती शिवली, वर घट्ट जाकीट. ओढणी गेटपर्यंतच, तीही वेगळ्या पद्धतीने, प्रत्येक खांद्याला एकेक टिचबटण. न्यायला परत दोघी आल्या. काकी माझ्या स्टुलावर बसली नाही. सरळ अश्विनीच्या मागे गेली, ओढणीची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि खस्सकन ओढलं.

टक्, टक्. ओढणी काकीच्या हातात आली. अश्विनी जागची हलली नाही.

काकीने बटणं उलटीसुलटी करून पाहिली, ओढणीची घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"आता शिवाया यायला लागलं तुला," ती म्हणाली.